बाहेरचा आकडा

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. तुमचे अनुभव आमची सून संगीता मला जेवताना वाचून दाखवते. खरं सांगतो, निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाय. वडाखालची बाई, पांढरी साडी, मागून आलेली हाक... मी आयुष्यभर तांडेल होतो, म्हंजे होडीचा म्होरक्या. समुद्रावर भुताचे दिवे दिसतात म्हणून खलाशी घाबरायचे. मी होडी तिकडंच घ्यायचो. दर टायमाला तो दुसऱ्या होडीचा दिवा निघायचा, आणि त्यांच्या जाळ्यात घुसलो म्हणून वर शिव्या खायला लागायच्या. तर असला मी माणूस. पण एक गोष्ट घडली हाय, ती मला उलगडत नाय आणि पोटात पण ठेववत नाय. मी चौथी पास. एक एक अक्षर दाबून लिवलंय. संगीतानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय, बाकी सगळं माझं.

आमचा कोळीवाडा मुरुडच्या अलीकडं. घराचं तोंड समुद्राकडं. पुढं ओटा, ओट्यापुढं मासळी सुकवायचं खळं, मग रस्ता, मग वाळूची पुळण. मागं परसू, आणि परसाला लागूनच डोंगर. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

माझी बायको हिरा गेल्या श्रावणात गेली. ताप आला, मुरुडला नेली, तिथून अलिबागला नेली, आणि घरी आणली ती तशीच.

ती बाई कमी बोलायची. काय बिघडलं तरच तोंड उघडायची, आणि मग सगळ्या वाडीला ऐकू जायचं. ती गप असली की मी समजायचो, सगळं बरं चाललंय. सगळा संसार मी तिच्या गप बसण्यावर निर्धास्त झोपलो. ती गेली तेव्हा घर गप झालं, पण ते गप वेगळं. त्यात झोप लागत नाय.

जवळा सुकवायचं काम तिचं. बारीक कोळंबीसारखा असतो तो, जुन्या जाळ्यांवर पसरून उन्हात घालतात. सुकला तर सोनं, भिजला तर खत. हिरा सकाळी मिठाच्या बरणीत दोन बोटं घालायची, मीठ चोळून बघायची, आणि सांगायची आज पसरायचा की नाय. बस. तेवढंच बोलायची.

ती गेल्यावर माझा मुलगा दिनेश म्हणाला, घराला कुलूप लावू. तो उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो, तिथं त्याची खोली हाय. मी एकदा जाऊन आलोय. खिडकीतून कंटेनर दिसतात, दुसरं काय नाय. हिराची चूल, हिराचं खळं सोडून मी तिथं जाऊन काय भिंती चाटू?

तेव्हा संगीता मधे पडली. म्हणाली, "मला एक हंगाम द्या. आईंचं खळं मी चालवते. नाय जमलं तर मी स्वतः कुलूप लावीन."

आता ही पोर पेणच्या आतल्या गावची. भातशेतीवाली माणसं. लग्न होऊन आली तेव्हा जवळ्याजवळून जाताना नाक धरायची. मी तोंडावर बोललो, "भाताच्या खाचरातली बेडकी समुद्राला शिकवणार!"

ती म्हणाली, "बेडकीला पाऊस आधी कळतो, बाबा."

तोंडाळ हाय. पण पहिलीच खेप तिची दवानं सडली. वास सुटला तो पार रस्त्यापर्यंत. दिनेश फोनवर म्हणाला, "अजून एक खेप गेली की मे महिन्यात कुलूप. बाबांना पण सांग." मला कशाला सांगायला पाहिजे? मी शेजारीच बसून ऐकत होतो.

त्याच दिवाळीला त्यानं ते यंत्र मागवलं. घरात लावायचं हवामान केंद्र. एक रंगीत पडदा, टीव्हीचं पोर असावं तसा, तो आत भिंतीला. आणि एक पांढरी डबी, ती बाहेर टांगायची. डबी बाहेरची हवा बघते आणि तारेशिवाय आत पडद्याला सांगते. पडदा दिनेशनं स्वयंपाकघरात लावला, मिठाच्या बरणीच्या वर, हिराच्या फोटोशेजारी, कारण प्लग तिथंच होता. डबी परसात पागोळीखाली, सावलीत. ऊन लागलं तर खोटं सांगते म्हणे.

तास गेला तरी आतला आकडा दिसायचा, बाहेरच्या जागी नुसत्या रेघा. दिनेश घामाघूम. मी म्हटलं, "बाहेर हवाच नाय वाटतं आज."

"बाबा, गप बसा जरा."

संगीतानं कागद वाचला. म्हणाली, "अवो, आधी डबीत सेल घालायचे होते, मग पडदा चालू करायचा. तुम्ही उलटं केलंत." तिनं सगळं काढून परत घातलं. डबीत लाल दिवा लुकलुकला आणि रेघा जाऊन आकडा आला. दिनेशनं पट्टी चिकटवून वर मराठीत लिवलं, 'आत' आणि 'बाहेर', माझ्यासाठी. मग एक घंटी लावून ठेवली. बाहेर दमटपणा अमुक एकाच्या वर गेला की वाजायचं.

झालं! समुद्राच्या काठावर दमटपणाची घंटी! पहाटे दव पडलं की रोज बोंबलायचं. टीं टीं टीं. माणूस आधीच झोपत नाय, त्यात हे. एके पहाटे मी उठलो, परसात गेलो, डबी उघडली, सेल काढले आणि माझ्या रेडिओत घातले. पडद्यावर बाहेरच्या जागी परत रेघा.

संगीता चिडली. "आईंच्या जागेवर तेवढं एक बोलणारं होतं, ते पण गप केलंत."

"हिरा अशी बोंबलायची नाय."

"नवे सेल आणते."

"आण. मी परत काढीन."

तिनं नाद सोडला. मग ती मोबाईलवर हवामान बघायची आणि तिचं तिचं ठरवायची. हळूहळू हात बसला तिचा, हे मी कबूल केलं नाय, पण बघत होतो. थंडीतला माल चांगला निघाला.

शिमगा होऊन गेला. जवळा भरपूर आला आणि संगीतानं मोठी खेप धरली, वर्षातली सगळ्यात मोठी. खळं भरलं, ओटा भरला. तिनं माझी खाटसुद्धा आत सरकवली. दिवस कडक उन्हाचा. मोबाईल म्हणत होता ऊन, आभाळ म्हणत होतं ऊन. वाडीतल्या सगळ्याच बायकांनी माल पसरला होता.

दुपारी जेवून मी आत आडवा झालो. आणि घंटी वाजली.

मी दचकून उठलो. सांगतो ते नीट ऐका... कोणी हाक मारली नाय, वास आला नाय, सावली दिसली नाय. नुसती घंटी. पण उठताना माझ्या तोंडून निघालं, "हा, हा, उठलो गो." हिरा ओरडली की मी हेच म्हणायचो. मग पडद्याकडं बघितलं. बाहेरच्या जागी रेघा नव्हत्या. आकडा होता. आतला आकडा जागचा हलत नव्हता, आणि बाहेरचा माझ्या डोळ्यांदेखत चढत होता.

मला वाटलं, संगीतानं गुपचूप नवे सेल घातले. रागच आला. पण रागावलो नाय, तसाच बाहेर गेलो. ती खळ्यात जवळा परतत होती.

"उचल. सगळा उचल."

तिनं आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाबा, निम्मासुद्धा सुकला नाय. ओला ढीग घातला तर आतून तापून सडेल. मग पाऊस नको यायला, माल मीच घालवला असं होईल."

"यंत्र बोललंय."

ती आत धावली. तिनं पण पडदा बघितला. मग बरणीत बोटं घातली, हिरा घालायची तशी. "मीठ तर मोकळं हाय, दमट नाय."

बरोबर होतं तिचं. उचललं आणि पाऊस नाय आला तर खेप गेली. नाय उचललं आणि आला तरी खेप गेली. खेप गेली की कुलूप. मी समुद्राकडं बघितलं, काचेसारखं स्वच्छ. तांडेल म्हणून विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, झोप बिनघोर. पण माझ्या छातीत ती घंटी थांबत नव्हती. का, ते मला आजही सांगता येणार नाय.

मी म्हटलं, "संगीता, आजवर तुला घालून पाडून बोललो. आज हात जोडतो. उचल."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि पदर खोचला.

आम्ही जाळी चारी टोकांनी धरून आत ओढायला लागलो. ढीग नको म्हणून तिनं घरातच पातळ पसरायला घेतलं. खाटेवर, जमिनीवर, देवघराच्या पायरीपर्यंत. ओढता ओढता ती बायकांना ओरडत होती, "उचला गो, पाऊस हाय!"

शेजारची जनाबाय कमरेवर हात ठेवून उभी. "काय वो भाऊजी, शिमगा संपला, अजून उतरली नाय काय?"

"जने, तोंड वापरतेस तेवढे हात वापर!"

ती हसली. पण हसत हसत तिनं आपली दोन जाळी गुंडाळली. म्हातारा भांडतो, पण खोटं बोलत नाय, हे तिला ठाऊक. काहींनी उचललं, काहींनी नाय.

आमचं शेवटचं जाळं ओट्यावर चढलं आणि मागून गडगडाट झाला. पाऊस समुद्रावरून आलाच नाय. डोंगरामागून आला. आम्ही सगळे दर्याकडं बघत बसलेलो, आणि तो पाठीमागून येऊन खळ्यावर असा कोसळला की समोरचा रस्ता दिसेना. जनाबायचा उरलेला माल आमच्याच ओट्यावर आला. आणखी दोघींचा आला. आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, नुसता जवळ्याचा वास. हिरा होती तेव्हा घराला हाच वास असायचा. मी दाराशी उकिडवा बसलो आणि तो वास घेत राहिलो.

संगीतानं चहा आणला. भिजली होती, केसांना जवळा चिकटलेला. म्हणाली, "बाबा, भांडलात खरे, पण सेल परत घातलेत ते बरं केलंत."

मी म्हटलं, "मी? तूच घातलेस ना?"

"मी कशाला घालू? तुम्ही काढणार म्हणाला होतात."

"माझे तर रेडिओत हायत."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. पडद्याकडं बघितलं. बाहेरच्या जागी रेघा. परसात गेलो. पागोळ्या धो धो पडत होत्या. मी डबी काढली, झाकण उघडलं. सेल नव्हते. सेलांच्या खाचेत पालीची दोन अंडी होती, पांढरीशुभ्र, जागेला घट्ट चिकटलेली, आणि वर कोळिष्टक धरलेलं. कोणी हात लावला असता तर पहिली तीच फुटली असती.

संगीतानं माझा दंड धरला. भीती नाय वाटली, खोटं कशाला बोलू. झाकण लावलं आणि डबी होती तशी टांगली.

दिनेशनं यंत्रवाल्यांना फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, जवळपास दुसऱ्या कोणाची तसलीच डबी असेल, कधी कधी पडदा शेजाऱ्याची हवा पकडतो. मला पटलं. समुद्रातल्या दिव्यासारखंच हे, म्हटलं, दुसऱ्याच्या होडीचा असणार. म्हणून घरोघरी विचारत फिरलो. सगळा कोळीवाडा, मागच्या नारळाच्या वाड्या, पुळणीवरचे लॉज. एका लॉजवाल्यानं विचारलं, "बाबा, सर्व्हेला आलात काय?" कोणाकडं तसली डबी नाय. दिनेश म्हणतो, एखाद्या पर्यटकाच्या गाडीत असेल. असेल बाबा. पण पर्यटकाच्या गाडीतल्या डबीला आमच्या डोंगरामागचा पाऊस कसा कळला? आणि माल घरात आल्यावर ती गप का झाली? सेल काढल्यापासून त्या दुपारच्या आधी नाय, नंतर नाय, बाहेरचा आकडा कधी उठला नाय. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर जरूर सांगा. मी ऐकून घेईन.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि खेप उत्तम सुकली. दिनेश आला, भाकरीबरोबर जवळा खाल्ला, बोटं चाटली. कुलुपाचं नाव काढलं नाय. जाताना मला म्हणाला, "बाबा, ओट्यावरचा पत्रा गंजलाय, पावसाळ्याच्या आत बदलू." मी समजलो.

पालीची पिल्लं पुढं निघून गेली, नुसती टरफलं राहिली. संगीतानं बाजारातून नवे सेल आणले. मला विचारलं, "घालू?"

मी म्हटलं, "खळं तुझं हाय. तू ठरव." इतकं सरळ मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो असेन.

तिनं सेल हातात घेतले, मग बरणीत दोन बोटं घालून मीठ चोळलं. सेल हिराच्या फोटोपाशी ठेवून दिले आणि जवळा पसरायला गेली.

दुपारी मला आता झोप लागते. हे लिवता लिवता समोर बघतोय. आत आकडा हाय. बाहेर रेघा.

ती गप हाय. म्हंजे बरं चाललंय.