मोतीरामाचा वाकस अन् परमुलखातलं जहाज

मोतीराम माझा धाकटा दीर. मी या घरात आले तेव्हा तो वाकस, लाकूड तासायचं हत्यार, धरायला शिकत होता, आता पंचाहत्तरी उलटली. धामणगाव बढ्याच्या आसपास जेवढ्या बैलगाड्या धावल्या, त्यांची निम्मी चाकं त्याच्या हातची. मोठं पाणी म्हणाल तर त्यानं लोणारचं खारं तळं तेवढं पाहिलेलं, तेही एकदाच. परत येऊन म्हणाला, "एवढं पाणी, अन् एक चाक भिजवायच्या कामाचं नाही."

चाक भिजवणं आताच्या पोरांना कळायचं नाही, म्हणून सांगते. लाकडी चाक उन्हानं वाळतं, आरे खुळखुळतात, वरची लोखंडी धाव सैल होते. मग ते पाण्यात ठेवायचं. लाकूड फुगतं आणि सगळं पुन्हा आवळून बसतं. मोतीराम लग्नाला गेला तरी मांडवात शिरायच्या आधी पाहुण्यांच्या गाडीचं चाक हलवून पाहायचा.

पुढे ट्रॅक्टर आले. त्याच्या पोरानं, भागवतनं, सुतारकामाच्या शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान टाकलं. मोतीरामाची हत्यारं गोणपाटात गेली. दर सोमवारी तो ती बाहेर काढून पुसायचा, तेल लावायचा आणि परत बांधून ठेवायचा. माझ्या गुडघ्यांचं तेल कुठं जातं ते मला फार उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या सुलभाबाई घरी आल्या. शाळेतल्या एका खोलीत गावातल्या जुन्या वस्तू मांडायच्या होत्या, सव्वीस जानेवारीला खोली उघडायची होती. गावातल्या हिंमतरावांनी आपली जुनी बैलगाडी आधीच दिली होती. बाई म्हणाल्या, "काकांची हत्यारं भिंतीवर लावू, खाली त्यांचं नाव लिहू."

मोतीराम काही बोलायच्या आत मीच बोलून बसले, "न्या बाई. घरात नुसती पडून हायेत."

बाई गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, माहा एक फोटो पण देऊन टाका. हार घालूनच द्या, म्हणजे मंग लोकायले तरास नाही."

मग दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सव्वीस जानेवारी पंधरा दिवसांवर आली होती. बाईंना शब्द मी दिलेला, हत्यारं त्याची. मला जेवण गोड लागेना.

त्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास कुशलचा व्हिडिओ कॉल आला. कुशल माझा नातू, तिकडे डेन्मार्कात पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे. तो एक जुनं लढाऊ जहाज पाहायला गेला होता. "आबाले बोलाव आजी, सारं लाकडाचं हाय," म्हणाला. मोतीराम आला, माझ्याकडे न पाहता फोनपुढे बसला. भागवतही हातमोजे काढत दारात उभा राहिला.

केवढं ते जहाज. तीन डोलकाठ्या, काळं पोट, तोफांच्या खिडक्या, आणि मधोमध चक्क धुराडं.

"पाणी कुठी हाय?" मोतीरामानं विचारलं.

"पाण्यात नाही आबा. कोरड्या गोदीत टेकू लावून उभं केलं."

"मंग वाळलं असन बिचारं."

भागवत म्हणाला, "इंजिन होतं तं शिडं कायले लागत होती बे?"

कुशलनं सांगितलं, कोळसा किती नेणार. वारा असला की इंजिन बंद. पण खालचा पंखा पाण्यात अडायचा, म्हणून तो दोर लावून, सगळ्यांनी ओढून वर घ्यायचा. भागवत पुढे येऊन बसला. मला हिंमतराव आठवले. ट्रॅक्टर आणल्यावरही तीन वर्षं त्यांनी बैलजोडी विकली नव्हती. नव्यावर भरवसा बसेपर्यंत जुनं दावणीला असू द्यायचं, समुद्रावरही तसंच असतं म्हणायचं.

दीडशेहून जास्त वर्षांचं ते जहाज ऑस्ट्रियाच्या जहाजांशी लढलं होतं. मला लढाईपेक्षा पुढचंच लक्षात राहिलं. म्हातारं झाल्यावर ते तोडायला विकलं, तर एका जमीनदारानं ते विकत घेऊन वाचवलं. पुढे खेड्यातली पोरं शहर पाहायला यायची, ती त्याच्यात झोपायची. नंतर ते गळायला लागलं. शेवटी कुशल उभा होता त्या गावी आणून कित्येक वर्षं डागडुजी केली. तोफा होत्या तिथं पोरं झोपली, हे मला बरं वाटलं.

कुशल जहाजाच्या पोटाशी गेला. तिथं एक पांढऱ्या दाढीचा माणूस लाकूड तासत होता.

"थांब," मोतीराम म्हणाला. "त्याले इचार, संग्रहालय हाय तं काम काऊन करून राह्यला?"

कुशलनं विचारलं. माणूस हसला, काहीतरी बोलला. "म्हणते, मी थांबलो तं थोड्या वर्षांत पाहाले काही राहणार नाही. एक बाजू होते तवरिक दुसरी सडते."

"त्याचा वाकस दाखव."

दांडा लांब होता, पण पातं आपल्यासारखंच. मोतीरामानं फोन डोळ्यांजवळ नेला. "घासून घासून अर्धा झाला. चांगला सुतार हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा ठेवा वहिनी."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच गोणपाट घेऊन शाळेत गेला. मीही मागोमाग गेले, दिलेला शब्द माझा होता. सुलभाबाई तार आणि खिळे घेऊन उभ्या होत्या.

"तार नका लावू बाई. खुंट्या ठोका."

"काका, कोणी काढून नेईल."

"मीच नेईन. काम झालं का आणून लावीन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी या खेपेला तोंड उघडलं नाही. "बरं, खुंट्या लावू," त्या म्हणाल्या.

मग त्यानं हिंमतरावांच्या गाडीचं चाक हलवलं. आरे खुळखुळले. त्यानं भागवतला बोलावलं, दोघांनी चाक काढलं आणि लोटत नेऊन शाळेच्या हौदात टाकलं. बापलेकांना एका कामाला हात लावताना मी किती वर्षांनी पाहत होते.

सव्वीस जानेवारीला चाक तयार नव्हतं. घाई कर म्हटलं तर म्हणाला, "लाकडाले सव्वीस जानेवारी समजत नाही." एका बाजूला विटा लावलेल्या लंगड्या गाडीसमोर पाहुण्यांनी फीत कापली. दुसरं चाक कुठं, असं त्यांनी विचारलं. "भिजत आहे," बाई म्हणाल्या, जशी काही सगळीकडे हीच पद्धत असते.

भिंतीवर पाटी होती, 'मोतीराम सुतार यांचा वाकस'. वर खुंटी रिकामी. पाहुणे पाटी वाचून खुंटीकडे बघत राहिले. तेवढ्यात बाहेर हौदाकडून ठक् ठक् ऐकू आलं. मोतीराम चाकासाठी पाचर तासत बसला होता.