डाव्या हाताचे घट्टे

परभणीत गिटार शिकवतो म्हटलं की लोक विचारतात, ‘ते ठीक आहे, पण काम काय करता?’ वीसेक वर्षं ऐकतोय. आता चिडायचाही कंटाळा आला.

शिकवायच्या आधी मी ऑर्केस्ट्रात होतो. गणपती, नवरात्र, पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीतल्या हळदी; बोलावलं की निघालो. लोकांना गाणारा दिसायचा, ढोलकीवाला दिसायचा; मी मागं कुठंतरी स्पीकरला टेकून उभा. एकदा तेच स्पीकर उतरवताना टेंपोच्या फाळक्यात डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट सापडलं. ते आजही वाकत नाही. तशा त्याआधीही माझ्या दारात काही रांगा लागत नव्हत्या. नाचता येईना अंगण वाकडं असं नको व्हायला.

मग शिकवायला लागलो. पोरं सुट्टीत यायची, गॅदरिंगपुरतं एक गाणं आलं की गिटार माळ्यावर. टिकली ती एकटी मानवतची मुलगी. वडील शाळेत मास्तर. दर रविवारी एसटीनं यायची, दोन तास मान खाली घालून वाजवायची आणि मी ओरडलो तरी रडायची नाही.

मी आयुष्यात एकच धून बांधली. बाकी सगळं दुसऱ्याचं वाजवलं. आणि ती सुचली कधी, तर बोट मोडल्यावर. चारही बोटं ताणल्याशिवाय ती वाजतच नाही आणि माझी तर तीनच चालतात. नशिबाला काय म्हणावं. मी गुणगुणायचो, जागा दाखवायचो, ती शोधायची. असं दोन वर्षं चाललं. ज्या रविवारी तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, त्या दिवशी मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत बसलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, डोळ्यात साबण गेला. लय खूश होतो मी, खोटं कशाला सांगू.

त्या दिवाळीनंतर तिला पाहायला पाहुणे आले. ओटी भरताना मुलाच्या आत्यानं तिचा हात धरला आणि डाव्या बोटांची टोकं चाचपून पाहिली. तारा दाबून तिथं घट्टे पडलेले, कातडं कडक, मधूनमधून सोललेलं. माझ्या लेखी ती तिची कमाई होती. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, मुलीला कातडीचा काही रोग दिसतोय, आम्हाला जमणार नाही.

मास्तर एकटेच माझ्याकडं आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी म्हणालो, अहो सांगून टाका ना, मुलगी गिटार वाजवते. त्यांनी नकारार्थी मान हलवली, म्हणाले, ते सांगितलं तर लोक म्हणणार, पोरगी स्टेजवर नाचगाण्यात जाते. त्यापेक्षा रोग बरा, रोगाला औषध तरी असतं. पुढच्या महिन्यात दुसरं स्थळ येणार होतं. चांगलं होतं, मुलगा सरकारी नोकरीत.

‘सर, तुमी मोठे आहात,’ ते म्हणाले. ‘बोटं मऊ होईस्तोवर क्लास बंद ठेवा. पोरीच्या जल्माचा प्रश्न आहे.’

मी भांडायला पाहिजे होतं. निदान तिला बोलावून विचारायला पाहिजे होतं. इतर वेळी बेसूर तारेवरून घर डोक्यावर घेणारा मी, आणि त्या दिवशी मला कोणीतरी ‘मोठे’ म्हणालं म्हणून विरघळलो. ऑर्केस्ट्रावाल्याला मास्तरसारखा माणूस हात जोडतो, हे काही रोज होत नाही. मी त्यांना उपायच सांगत बसलो. तारेला हात लावायचा नाही. रात्री कोमट पाण्यात बोटं बुडवायची, मग तूप चोळायचं, आणि काहीही झालं तरी ब्लेडनं खरवडायचं नाही. मास्तरांनी कागदावर लिहून घेतलं. ते गेल्यावर बायको म्हणाली, ‘शाबास, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात.’ दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

स्थळ जमलं. मुलगी आईला घेऊन पत्रिका द्यायला आली. आई स्वयंपाकघरात बायकोशी बोलत बसली, आणि मला राहवेना. गिटार तिच्या मांडीवर दिली. म्हटलं, आपली धून वाजव, एकदाच. मोबाईलमध्ये घेतो, कारण इतके दिवस ते करायचं मला सुचलंच नव्हतं.

तिनं बोटं ठेवली. पहिली जागा निघाली, तीही खरखरत. दुसऱ्या जागी तिनं हात उचलला, बोटं ओठांशी नेली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मोबाईलमध्ये तेवढंच आलं.

‘दुखायलंय, सर.’

मी म्हणालो, पंधरा दिवस रोज वाजव, पुन्हा घट्टे पडतील. तिनं गिटार नीट भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. तिच्या मनात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘तिकडं सगळ्यांनी हात बघितले,’ ती म्हणाली. ‘तुमी सांगितलेल्या तुपानं लय लवकर फरक पडला, सर. पप्पा म्हणले, सरांचे आभार मान.’