तालमीचे दोन महिने

"काय करून राहिला ते दाखव. काय वाटून राहिलं ते पाहणाऱ्यावर सोड." तालमीत एखादं पोट्टं छातीला हात लावून गळा काढायला लागलं, की आमचे नाटकवाले सर एवढंच म्हणत आणि रुमालाने घाम पुसत मैदानाच्या कडेला जाऊन बसत.

तुमच्याही शाळेत असा एखादा माणूस असेल, जो फक्त नाटकापुरता येतो. आमचे सर मूर्तिजापूरचेच. एस.टी.च्या कचेरीतून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, ती गेली. मी त्या शाळेत पी.टी. शिकवायचो. सुरुवातीला आमचं जमलं नाही, कारण माझं कबड्डीचं मैदान ते संध्याकाळी अडवून ठेवत.

"कबड्डी म्हणजे नाटकच आहे बाप्पा," ते मला एकदा म्हणाले, "तुमच्यात मार खरा लागते, एवढंच." मला हसू आलं आणि भांडण तिथंच मिटलं.

त्यांची शिकवण्याची रीत हेडमास्तरांना कधी पटली नाही. सुरुवातीला संवादच नाहीत. पोरांना आठवडी बाजारात सोडायचं, एकेकाने एक माणूस धरायचा, त्याचं काम पाहत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी करून दाखवायचं. एका पोराने कांदे विकणारी म्हातारी केली. सरांनी विचारलं, "कांदा सडका निघाला तं काय करते ते?" पोरगं गडबडलं. पुढचा बाजार भरेपर्यंत सर रोज त्याला तेच विचारत राहिले. शेवटी पोरगं पळत आलं, "सर, फेकत नाही ते. वरचं सालपट काढते अन् परत पाटीत टाकते." सर इतके खूश झाले, की त्या दिवशी तालीमच झाली नाही.

असे दोन महिने जात. उरलेले दहा महिने त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. रस्त्यात भेटले की मला लवकर सोडत नसत. मी एकदा सरळच विचारलं, "सर, एकटं वाटतं का हो?"

"वाटते तं," ते म्हणाले. "घरात मी काईही करो, पाहाले कोणी नाही."

मी त्यांना जेवायला घरी चला म्हटलं. आले, जेवले आणि गेले.

आमच्या वऱ्हाडातली ती वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत. पेपर उघडला की तीच बातमी, कोण्या शेतकऱ्याने गळफास घेतल्याची. अकोल्याच्या नाट्यस्पर्धेतही तेच. ज्याच्या त्याच्या नाटकात शेवटी दोर यायचा, बाप मरायचा, आई हंबरडा फोडायची आणि परीक्षक डोळे पुसत नंबर द्यायचे. आमचे सर असलं बसवत नसत. म्हणून आमचा नंबर यायचा नाही.

आठवीत एक मुलगी होती. तिचा बाप आदल्या वर्षी तसाच गेला होता. हेडमास्तरांनी सरांना बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो. म्हणाले, "यंदा तोच विषय घ्या आणि त्या मुलीला उभी करा. तिला रडायला शिकवावं लागणार नाही."

सर मग म्हणाले, "शिकवा लागत नाही, तं मी इथं काहून येतो?"

"बघा बुवा. यंदा नंबर आला नाही तर पुढच्या वर्षी आम्ही दुसरा माणूस पाहू."

बाहेर आल्यावर मी त्यांना समजावलं, "सर, एका वर्षासाठी घ्या ना करून. नाहीतर तुमचे हेही दोन महिने जातील."

"जातील तं जातील. पोट्टीच्या घरात घडलं आहे ते. नाटक नाही."

त्यांनी बंद पडलेल्या एस.टी.चं नाटक बसवलं. बाप गेल्यापासून त्या मुलीने तोंडच मिटून घेतलं होतं. सरांनी तिला विचारलं, "तुले कोण व्हायचं आहे?" ती पुटपुटली, "जिले सगळ्यायवर ओरडता येते, ते." झाली कंडक्टर.

थोड्या दिवसांनी तिची आई मैदानावर आली. मला वाटलं, तक्रार घेऊन आली. ती सरांना म्हणाली, "जेवाच्या आधी मले तिकीट काढाले लावते हे पोट्टी. पुढं सरका, पुढं सरका म्हणते." बोलता बोलता तिने तोंडाला पदर लावला. "वरीसभर घरात कोणी एवढ्या जोरानं बोललं नव्हतं, सर."

अकोल्यात लोक पोट धरधरून हसले. नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, विषयाला गांभीर्य नाही. पुढच्या वर्षी शाळेने अमरावतीहून दुसरा माणूस आणला.

तालीम सुरू झाली की सर कुंपणाबाहेर येऊन उभे राहत. मी आत बोलावलं तर म्हणाले, "त्यांची तालीम आहे. आपण मधात कशाले?" मग हळूच विचारलं, "ते पोट्टी आहे का त्यात?"

"तिने नाही म्हटलं. हेडमास्तरांच्या तोंडावर."

त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. मला हेडमास्तरांचा राग आला आणि खरं सांगतो, थोडा सरांचाही आला. माणसाने एवढं ताठ राहू नये.

उन्हाळ्याच्या सुटीत ते गेले. घरमालकाने आणि शेजाऱ्यांनी मिळून सगळं उरकलं. मी गावाला होतो. पोरं सुटीवर होती. शाळेला कळलं ते शाळा उघडल्यावर.

मी हट्टाने प्रार्थनेनंतर दोन मिनिटांचं मौन मागून घेतलं. प्रार्थना सांगायला ती मुलगी समोर पायरीवर उभी होती, आता दहावीत गेलेली. मौन सुरू झालं आणि ती एकदम रडायला लागली. मोठ्याने, हुंदके देत, बापासाठीही शाळेत कधी रडली नव्हती अशी. सगळी शाळा समोर उभी राहून तिच्याकडे पाहत होती. हेडमास्तर चष्मा सावरून पाहत होते.

माझ्याने राहवलं नाही. मौन मोडून मी ओरडलो, "पीछे मुड."

अख्खी शाळा खाडकन तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. हेडमास्तर तसेच होते, म्हणून मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. तेही वळले. मग मी वळलो, आणि तिचं पुरतं रडून होईपर्यंत शिपायाला घंटा वाजवू दिली नाही.