उद्या या, पावणं

निराश झालेला माणूस नुसता पाठमोरा दिसला तरी तो कशानं आणि किती निराश झालाय हे सांगणारे गृहस्थ अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. ही विद्या त्यांना पुस्तकातून मिळालेली नाही. शिवाजी पेठेत राहणारे मामा तीस वर्षं गावातल्या एका थेटरात तिकीट खिडकीवर होते. ते थेटर आता बंद पडलंय, आवारात लोक गाड्या लावतात. पण त्याच्या भरात तिथं पार शाहूवाडीपासून माणसं पिक्चरला यायची, आणि तिकिटं संपली की ती संपल्याचं सांगणं मामांच्या वाट्याला यायचं. तिकीट मिळालेला माणूस पैसे फेकून पळतो, त्याचं तोंड कोण बघतो? न मिळालेला मात्र खिडकीशी उभाच राहतो. मामांनी तीस वर्षं ती तोंडं पाहिली. बाई असो, बाप्या असो, तालमीचा पैलवान असो नाहीतर पेढीवरचा शेठ, सगळ्यांना त्यांचं एकच वाक्य असायचं, "संपली. उद्या या, पावणं."

यातून मामांना जी खोड जडली ती जडलीच. समोरच्याच्या दुःखाला नेमका शब्द दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. लाइट गेल्यामुळं मॅचचा शेवट चुकला तर तो विरस. मोठ्या ऐटीत बेत सांगावा आणि चारचौघांत तो फिसकटावा, तर तो पचका. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले त्यांना खपत नाहीत. माझी बदली कोल्हापुरातच करतो असं आमच्या साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ऑर्डर आली ती दोन जिल्हे पलीकडची. मी तोंड पाडून मामांकडं गेलो आणि म्हणालो, "मामा, फार निराश झालोय." मामा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "निराश न्हाय झालासा तुम्ही. सायबावर भरवसा टाकलावतासा न्हवं? मग ह्यो अपेक्षाभंग. निराश माणूस एकटाबी होतोय. अपेक्षाभंगाला समोर आपलं माणूस लागतंय." बदली काही रद्द झाली नाही, पण खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली. आपल्याला काय झालंय हे कळलं की निम्मं दुखणं हलकं होतं.

एकदा नात्यातल्या एका जावळाच्या जेवणात शेवटच्या पंगतीला पांढरा रस्सा संपला. कोल्हापुरात याहून मोठी आपत्ती नाही. राधानगरीकडचे एक पाहुणे ताटावरून उठून यजमानांच्या अंगावर धावले. लोक त्यांना धरायला गेले, पण मामांनी त्यांचा फक्त हात हातात घेतला. "पावणं, तुमास्नी राग आलेला न्हाय. हिरमोड झालाय तुमचा. सकाळधरनं पोट रिकामं ठिवून आलायसा." ते सहा फुटी पाहुणे परत ताटावर बसले आणि म्हणाले, "व्हय की वो!" मग मामा त्यांना थेट आपल्या घरी घेऊन गेले आणि मामींना रस्सा टाकायला लावला. मामी स्वयंपाकघरातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शब्द ह्यांचं, आन् खोबरं मी वाटायचं!"

अशा या मामांना एका चेहऱ्यानं मात्र आयुष्यभर दाद दिली नाही. ते त्यांनी मला एकदाच, आवाज खाली आणून सांगितलं. मामांच्या लग्नाला सहा महिने झाले होते. नवीन पिक्चर लागला होता, आणि मामी न सांगता शेजारच्या दोघी बायकांना घेऊन लेडीज लाइनीत उभ्या राहिल्या. नवराच खिडकीत, मग काय चिंता! त्यांचा नंबर आला तेव्हा तिकिटं खरोखर संपली होती. खिडकीवर बसल्यावर कोणी सोयरा नाही न् धायरा नाही, हा मामांचा नियम. त्यांनी मामींकडं पाहिलं आणि सवयीचं वाक्य म्हटलं. शेजारणी फिदीफिदी हसल्या. मामी तशाच घरी गेल्या, आणि पुन्हा कधी थेटराची पायरी चढल्या नाहीत. "तवाचं तिचं तोंड अजून डोळ्यापुढनं हलत न्हाय," मामा म्हणाले. "हिरमोड म्हणून बघितलं, बसत न्हाय. पचका म्हणून बघितलं, त्येबी न्हाय. पिक्चर दाखवून एकदा फिटंफाट कराय पायजे."

ते धाडस त्यांनी यंदा लग्नाच्या वाढदिवसाला केलं. मामींना हो म्हणायला लावण्यात आठवडा गेला. मी म्हटलं, फोनवर तिकिटं काढून ठेवतो. मामा माझ्यावर उखडले. "तीस वर्षं खिडकीत बसलोय. बायकूला फोनवरचं तिकीट दाखवू? लाइनीत हुबा ऱ्हाऊन काढणार!" इस्त्रीचा सदरा घालून ते मॉलमधल्या थेटरात गेले. मी आणि मामी बाकावर बसलो. काचेमागच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "आजोबा, फुल झालंय. सगळी ऑनलाइनच गेली."

मामा तिथंच उभे राहिले. तिकीट न मिळालेला माणूस उभा राहतो तसेच, अगदी तसेच. मला फार वाईट वाटलं. मग ते हळूहळू येऊन मामींशेजारी बसले आणि कसंबसं म्हणाले, "संपली गं. दुसऱ्यांदा हिरमोड केला तुझा."

मामी आधी हसल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "हिरमोड कशाचा वो? तवाबी झाला नव्हता. संपली म्हंजे संपली, तुम्ही काय घरात छापताय व्हय तिकिटं? पण मला 'पावणं' म्हणालासा. सगळ्यास्नी म्हणतासा तसंच. निदान नाव तरी घ्यायचं."

अपेक्षाभंगाला समोर आपलं माणूस लागतं हे मला शिकवणारे मामा स्वतःच्या चपलांकडं बघत बसले. चाळीस वर्षं ते तिकीट शोधत होते, आणि दुखलं होतं ते भलतीकडंच. शो सुरू झाला, लॉबी रिकामी झाली. शेवटी मामा उठले आणि मामींपुढं हात धरला.

"चल, शालन," ते म्हणाले, "उद्या येऊया."

मामींचं नाव शालन आहे, हे मला माझ्या लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं.