बेंदराची जोडून सुट्टी

सकाळी सात वाजता शिरवळच्या थांब्यावर उभा राहिलो तेव्हा पाठ दुखत होती आणि डोळे उघडे ठेवणं जड जात होतं. आदल्या दिवशी महिन्याच्या हजेऱ्या जुळवता जुळवता मान मोडली होती. गुरुवार हा आमच्या कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा वार. एरवी मी त्या दिवशी दुपारपर्यंत अंथरूण सोडत नाही.

टाइम ऑफिसात कारकून म्हणून मला बावीस वर्षं झाली. पाळ्या, हजेऱ्या, रजा हे माझं काम. नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी फलकावर लागली की माणसं कामाआधी माझ्या टेबलाशी येतात. कुणाला गावची जत्रा गाठायची असते, कुणाला मेव्हण्याचं लग्न. एका रजेत चार दिवस कसे बसवायचे ते मी बोटांवर सांगतो. एखादा राष्ट्रीय सण गुरुवारी आला की एक सुट्टी दुसरीत बुडाली म्हणून अख्खा कारखाना हळहळतो, तेव्हा समजूतही मीच काढतो. आता मी स्वतः रजा काढून कुठे गेलो म्हणाल, तर सासरवाडीला आणि दवाखान्यात.

या वेळी मात्र हिशेब माझ्यासाठी मांडला होता. कवठे महांकाळच्या पुढे एका वाडीत माझे मामा राहतात. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी त्यांच्याकडे काढल्या. चैत्रात त्यांचा फोन आला होता. "सदा, औंदा बैलं देतुया. गुडघं ऱ्हायलं न्हाईत माझं. शेवटचा बेंदूर हाय, येशील तर ये." बेंदूर (बैलांचा सण, दुसरीकडे याला पोळा म्हणतात) मी कायम आमच्या साताऱ्याकडच्या गावी पाहिला. मामांकडच्या बेंदराला येतो म्हणून वीस वर्षं सांगत आलो आणि वीस वर्षं गेलो नाही. मामांनी कधी बोलून दाखवलं नाही. या वेळीही येतो म्हणालो होतो, आणि चुकलो असतो तर पुन्हा संधी नव्हती.

भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आषाढातला बेंदूर शुक्रवारी. गुरुवारची सुट्टी, शुक्रवार-शनिवार दोन रजा, झाले तीन दिवस. साहेबांनी सही करताना "तुम्ही आणि रजा?" असं विचारलं, तेवढंच.

साताऱ्यात उतरून बैलांसाठी गोंडे घेतले, नव्या मोरक्या (बैलाच्या तोंडावर बांधायच्या विणलेल्या दोऱ्या) घेतल्या आणि दोन घुंगरमाळा. दुकानदार म्हणाला, "लय दिसांनी खिलारी बैलाचं माप मागणारं गिऱ्हाईक आलं बघा." सांगलीच्या एसटीत मागची जागा मिळाली. खड्डा आला की मांडीवरची पिशवी वाजे. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"पाव्हणं, बैल कुठं बसवलाय?"

"पुढच्या गाडीनं येतोय," मी म्हणालो. सगळी मागची बाकं हसली. मला हसायचाही कंटाळा आला होता, पण बरं वाटलं.

कराडला भुरभुर पाऊस होता. पेठ नाक्यावर गाडीचं चाक बसलं आणि तासभर टपरीपाशी उभे राहिलो, गोडमिट्ट चहा पीत. आष्ट्याच्या अलीकडे ओढ्यावर लोक बैल धूत होते, ते खिडकीतून पाहिलं आणि वेळेत चाललोय याचं समाधान वाटलं. सांगली, मिरज मागे पडली. ऊस संपला, जमीन तांबूस झाली, आभाळ भरलेलं पण पाऊस नाही, नुसता वारा. कवठे महांकाळला वडापच्या जीपमध्ये नऊजणांत दहावा बसलो. वाडीवर पोचलो तेव्हा चार वाजले होते.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहून काठी टेकत उठले.

"आरं सदा! आसा अवचित?"

"अवचित कसं, मामा? उद्या बेंदूर न्हवं?"

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दारात आलेल्या मामींकडे पाहिलं. मामीच म्हणाल्या, "आवं, बेंदूर हून म्हैना झाला की! हिकडं कर्नाटकी बेंदूर आसतोय, जेठातला. आकाडातला तुमच्याकडचा."

मी गोठ्याकडे पाहिलं. दोन खुंट्या होत्या, बैल नव्हते. जमीन झाडून स्वच्छ होती.

"मागल्या बाजारात दिली," मामा म्हणाले. "आष्ट्याचा मानूस हाय. बरा वाटला."

बावीस वर्षं कॅलेंडर हा माझा धंदा. 'कर्नाटकी बेंदूर' ही अक्षरं मी दर वर्षी वाचली होती. ते कर्नाटकातल्या लोकांचं असेल असं समजून पुढे जात होतो. आपला मामा त्या बाजूला राहतो, तिथे अर्ध्या घरांत कानडी बोलतात, एवढं ध्यानात यायला काय हरकत होती? पिशवी ओसरीवर ठेवली, ती उगाच वाजली. फार लाज वाटली.

मामींनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ, गरम पेय) दिलं. मी दोन घास खाल्ल्यावर त्या बोलल्या. "समद्या वाडीची बैलं येशीकडं गेली, वाजत गाजत. ह्येंनी आपली जोडी सोडली न्हाई. सदा येतो म्हणालाय, थांबू जरा. दिस मावळायला जोडी घिऊन निघालं. गावात कोन ऱ्हायलं न्हवतं तवा."

"मग फोन का केला न्हाई, मामा?"

"नोकरीतलं मानूस तू. वाटलं, रजा घावली नसंल. फोन केला म्हंजी तुला आनी वाईट."

भिंतीवर मामांचंही कॅलेंडर होतं. मी उठून मागचं पान उलटलं. कर्नाटकी बेंदराच्या तारखेभोवती पेनानं गोल काढला होता. वार पाहिला. गुरुवार. माझ्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. अर्ज नाही, सही नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही. नुसतं उठून गाडीत बसायचं होतं.

न सांगताही चाललं असतं. पण सांगितलं. "मामा, त्या दिवशी मला सुट्टीच हुती. रजा मागायची गरजच न्हवती."

"मग काय करत हुतास?"

"झोपलो हुतो."

मामांनी मान हलवली. "दमला आसशील," ते म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. 

सकाळी मी म्हटलं, आष्ट्याला तर आज बेंदूर आहे, चला, जोडी बघून येऊ. मामांनी नकार दिला. "दावं सोडलं की मागं बघू न्हाई. तू जा. आनलंयस ते घाल त्यास्नी." त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेला नंबर दिला.

नंबर लावून पत्ता विचारत दुपारी आष्ट्यात पोचलो. घेणारे पाटील, साठीचे, फौजेतून निवृत्त झालेले. अंगणात पुरणाचा वास भरला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी ताटावर बसवलं, मग गोठ्यात नेलं. मामांचे हरण्या आणि चिमण्या धुऊन रंगवून उभे होते. म्हणजे या जोडीला यंदा दोन बेंदूर मिळाले. पण चिमण्या सारखा मान झटकत होता, हरण्या अंग चोरून उभा.

"आठ दिस झालं, ह्यो असाच ढुश्या मारतोय," पाटील म्हणाले. "अजून जुपली न्हाईत. मिरवणुकीत न्यावं का नगं, इचार चाललाय. न्हाईतर परत बाजार दाखवाय लागंल."

मी मामांना फोन लावला. जोडी बघितली म्हणालो, चिमण्याचंही सांगितलं. 

"उजवीकडं कोन बांधलाय?"

"चिमण्या."

"आरं गड्या! हरण्या उजवीचा. पयल्यापास्नं. बाजारात दलालाला सांगितलं हुतं म्या, त्यो बोलला न्हाई व्हय? बदल आदी."

मी सांगताच पाटलांनी कपाळावर हात मारला. दोघांनी मिळून दावी सोडली. चिमण्यानं माझ्या पायावर खूर ठेवला, अंगठा चांगला चेचला. हरण्या उजवीकडे गेला, चिमण्या त्याच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली. मी मोरक्या घातल्या, गोंडे बांधले, गळ्यात घुंगरमाळा घातल्या. पाटील म्हणाले, "आता न्हेतो मिरवणुकीला." मी मामांना पुन्हा फोन लावून घुंगरांजवळ धरला. मग कानाला लावला.

"ऐकलं," मामा म्हणाले.  "बरं झालं तू आज गेलास. त्यास्नी परत बाजारात उभं ऱ्हावं लागलं असतं." मग म्हणाले, "आता बेंदराबिंदराची वाट बघू नगंस, सदा. बैलं न्हाईत, मला रोजचीच सुट्टी. दिस खायाला उठतोय. कवाबी ये."

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. गाडीत उभं राहायलाच जागा, ठेचलेला अंगठा चपलेत मावत नव्हता. शनिवारची रजा झोपण्यात आणि पाय शेकण्यात गेली. बावीस वर्षांत मी किती लोकांच्या सुट्ट्या जुळवल्या याचा मला अभिमान होता. ज्याच्याकडे जायचं त्याचा दिवस कुठला, हे मी त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं. प्रवासाचा शीण दोन दिवसांनी उतरला. मामांचं "दमला आसशील" अजून उतरलेलं नाही.

सोमवारी साहेबांपुढे पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारचा अर्ज ठेवला. त्यांनी फलकावरची यादी पाहिली, मागचा-पुढचा दिवस पाहिला.

"ही कुठली सुट्टी जोडताय? मंगळवारी काय आहे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "मामा घरी असतात."