क्वेताची किटली आणि पंचवीस सह्या

रादिम दारातच वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला, त्याच क्षणी क्वेता फसली. तिला हे कळायला मात्र तीन वर्षं लागली.

त्या दिवशी तिला दिसलं ते एवढंच, की पोराच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी रफू आहे. निळ्या मोज्याला काळा दोरा. म्हणजे आईनं केलेलं. घरोघर फिरून माल गळ्यात मारणारे भामटे तिनं चिकार पाहिले होते. ते पायपुसण्यावर बूट खसाखसा घासतात, ‘एकच मिनिट’ म्हणतात आणि तसेच आत घुसतात. आता बूट घालून घरात कोण येतं? नळ दुरुस्त करणारा, मीटर बघणारा आणि पोलीस. त्यांना आपणच सांगतो, राहू देत पायात. बाकी माणसं बूट काढतात.

“अरे, असू दे की,” ती रीतीप्रमाणे म्हणाली.

“छे, क्वेतामावशी. आईला कळलं तर घरात घेणार नाही मला.”

तिनं कपाटातून मिलोस्लावच्या सपाता काढल्या. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्या सपाता तिनं आजवर कुणालाच दिल्या नव्हत्या.

क्वेता चौतीस वर्षं पोस्टात होती. खाणकामगारांसाठी युद्धानंतर बांधलेली ही लाकडी घरांची वस्ती, सव्वीस घरं, आणि पलीकडे दोन थांब्यांवरचं ल्होता गाव, ही तिची फेरी. म्हाताऱ्यांची पेन्शन ती रोख आणून द्यायची, त्यांच्यासमोर मोजायची, आणि ज्यांना दिसत नसे त्यांच्यासाठी मोठ्यानं मोजायची. एका कोरुनेचा फरक कधी पडला नाही. रादिम ल्होत्याचा. त्याचा बाप जर्मनीत कामाला गेला तो तिकडचाच झाला; हे पोर कुंपणाला लटकून तिला रोज विचारायचं, “आज आलंय काय?” आणि ती रोज म्हणायची, “उद्या येईल बघ.” त्याला खोटी आशा दाखवल्याची चुटपुट तिला तेव्हापासून होती. म्हणूनही तिनं त्याला आत घेतलं असेल.

“मावशी, तुमची ती मोठी वीजकंपनी तुम्हाला तीस वर्षं लुटतेय,” कॉफी ढवळत रादिम म्हणाला. “आमची नवीन आहे, छोटी आहे. भाव दोन वर्षं पक्का, मग पुन्हा दोन वर्षं पक्का. पण माझं कोण ऐकतंय? कुत्रे सोडतात अंगावर. तुम्ही सांगितलंत तर गोष्ट वेगळी.”

“तुझ्या आईनं घेतलीय का?”

“पहिली सही तिचीच.”

झालं. क्वेतानं पुढचं काही विचारलं नाही.

कंपनीचे लिफाफे पिवळे होते, म्हणून वस्तीत तिचं नाव पिवळी कंपनी पडलं. क्वेता तिचे कागद घेऊन जुन्याच रस्त्यानं निघाली, जुन्याच क्रमानं, पहिल्या घरापासून. सही कुठे करायची तिथे पेन्सिलनं फुली मारलेली. “त्याच्या आईचीच पहिली सही आहे,” ती दारोदार सांगत होती, आणि सांगता सांगता ती सही आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखं तिला वाटायला लागलं होतं.

बोहुंका शेवटच्या घरात राहते. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची. बोहुंकाच्या दारावरची टपालपेटीत पत्र कधीच नसे. पेटी जाहिरातींसाठी, असं तिचं म्हणणं. पत्र हातातच हवं, आणि पत्राबरोबर क्वेताही आत हवी. क्वेतासाठी तिथे चौकड्यांच्या सपाता ठेवलेल्याच होत्या.

“मला नको बाई हे नवं काही,” बोहुंका म्हणाली. “आधी सरकारनं अनुदान देऊन घर तापवायची कोळशाची भट्टी उपटून नेली आणि ही विजेची बसवली. आता वीजही बदलू?”

“तुझंच बिल सगळ्यांत मोठं. तुझाच फायदा जास्त. अगं, त्याच्या आईनं घेतलीय.”

बोहुंकानं कागद हातात घेतला, पण चष्मा लावला नाही. “कुठे?” एवढंच विचारलं आणि फुलीवर सही केली.

सव्वीसांपैकी पंचवीस घरांनी सह्या केल्या. एकट्या म्हाताऱ्या ओटाकारनं दार लावून घेतलं. “खाण शंभर वर्षं चालेल असं मला ज्यानं सांगितलं, त्याच्याही पायात चांगले बूट होते,” तो आतून ओरडला. वस्ती आठवडाभर हसली त्याला.

महिन्याभरानं रादिम खोकं घेऊन आला. आत विजेची किटली, पिवळ्या झाकणाची. “कंपनीकडून, मावशी. मदतीबद्दल.” पाणी दीड मिनिटात उकळायचं. बोहुंका दर गुरुवारी त्याच पाण्याची कॉफी प्यायला यायची आणि म्हणायची, “काय घाई आहे हिला.”

मग तिसऱ्या वर्षी तो ऑक्टोबर आला. विजेचे आणि गॅसचे भाव युरोपभर भडकले, टीव्हीवर रोज लाल रेघ वर वर चढत होती. वस्तीला त्याचं काही नव्हतं. आपला भाव पक्का आहे, क्वेतानं सांगितलंय.

गुरुवारी पंचवीस पिवळे लिफाफे आले. ‘बाजारातील असाधारण परिस्थितीमुळे घरगुती ग्राहकांस पुरवठा करणे आम्हांस यापुढे शक्य नाही. आपल्या निष्ठेबद्दल मनःपूर्वक आभार.’ दिवे काही गेले नाहीत. कायद्याप्रमाणे पुरवठा दुसऱ्याच दिवशी आपोआप जुन्या मोठ्या कंपनीकडे गेला. पण असं टाकून दिलेल्या ग्राहकांसाठी तिचा भाव निराळा होता. बोहुंकाचा महिन्याचा हप्ता चोवीसशे कोरुना होता, तो एकोणऐंशीशे झाला. तिची पेन्शन तेरा हजार. ओटाकारचा हप्ता होता तेवढाच राहिला.

“तार तीच, खांब तोच, वीज तीच,” तो कुंपणावर कोपरं टेकवून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. “फक्त मी शहाणा आणि तुम्ही गिऱ्हाईक.”

संध्याकाळी सगळे कोपऱ्यावरच्या लुबोरच्या बिअरखान्यात जमले. लुबोर ग्लास पुसत होता.

“तुलाही आलं का रे पत्र?” झ्देनानं विचारलं. झ्देना चौथ्या घरातली. तिच्या जिभेला वस्ती टरकून असते.

“मला फोन आला. म्हणाले, तुम्ही निश्चिंत राहा, व्यावसायिक गिऱ्हाईक आम्ही सोडत नाही.”

“म्हणजे कंपनी बुडाली नाही?”

“कशाला बुडेल? तुमच्यासाठी त्यांनी स्वस्तात वीज घेऊन ठेवली होती. ती तुम्हाला पक्क्या भावात द्यायची की बाजारात चौपटीनं विकायची? माझा भाव ते वाटेल तेव्हा वाढवू शकतात, म्हणून मी लाडका. तुम्ही तोट्याचे.”

मग झ्देना वळली. “आणि क्वेता, तुला काय मिळालं होतं गं?”

“किटली.”

“काय?”

“विजेची किटली. तुम्ही पाहिलीय सगळ्यांनी.”

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि सगळेच हसायला लागले. चिडले असते तर क्वेताला बरं वाटलं असतं. “पंचवीस घरं आणि एक किटली,” झ्देना डोळे पुसत म्हणाली. “अगं, निदान इस्त्री तरी मागायचीस.” बोहुंका हसली नाही. तिनं कोट घातला आणि ती क्वेतासाठी न थांबता निघून गेली. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा.

रादिमचा नंबर लागत नव्हता. शनिवारी क्वेता बसनं ल्होत्याला गेली. कागदोपत्री काही हाती लागेल असं तिला वाटत नव्हतं. हेड्विका, म्हणजे रादिमची आई, बिचारी आपल्यासारखीच अडकली असेल. निदान दोघी मिळून त्याला धरू, एवढाच हिशेब.

हेड्विका तिला पाहून हरखलीच. “क्वेता! ये, ये. आता तू येत नाहीस तर पत्रंही यायची थांबली. नवा पोरगा गाडीतून पेटीत फेकतो.” सपाता पुढे झाल्या, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, ताटलीत आले.

“किती झाला गं तुझा हप्ता?” क्वेतानं विचारलं.

“कसला?”

“विजेचा. पिवळ्या कंपनीनं सोडल्यापासून.”

“मी कुठे पिवळ्या कंपनीत? माझी आपली जुनीच.” हेड्विका हसली. “रादिमनंच सांगून ठेवलंय. आई, दारावर येणाऱ्या कुणाच्या कागदावर सही करायची नाही. अगदी मी आणला तरी नाही.”

क्वेताच्या तोंडात कोलाचा होता. खसखस गिळायला फार वेळ लागतो.

“गुणी आहे पोर,” हेड्विका म्हणाली. “आता ब्रनोला असतो. छपरावरचे सौर पत्रे विकतो. तू आली होतीस म्हणून कळवू का त्याला?”

खिडकीत शिवणाची टोपली होती. वर निळा मोजा, आत काळ्या दोऱ्याची सुई तशीच खोचलेली. क्वेतानं तो मोजा पाहिला, हेड्विकाचं ते भाबडं, पोरावर खूश असलेलं तोंड पाहिलं. सगळं सांगायला जीभ वळवळत होती. पण ही बाई तर वस्तीतल्या कुणापेक्षा कमी फसलेली नव्हती. तिला फक्त बिल आलं नव्हतं.

“एवढंच कळव,” ती म्हणाली, “की मिलोस्लावच्या सपाता मी टाकून दिल्या.”

“कसल्या सपाता?”

“त्याला कळेल.”

परतीच्या बसमध्ये तिला एकच गोष्ट टोचत राहिली. दोन थांबे. तीन वर्षांपूर्वी ती दोन थांबे आली असती, हाच कोलाचा खाल्ला असता, हाच प्रश्न विचारला असता. तिनं विचारलं नाही, आणि पंचवीस दारांत मात्र सांगितलं.

सोमवारी ती हाविर्झोवला मोठ्या कंपनीच्या कचेरीत गेली. चार तास रांगेत उभी राहून तिनं चोवीस घरांचे आणि एक स्वतःचा असे कोरे करार आणले. आपत्कालीन भाव तिप्पट होता. रीतसर करार केला तर दुप्पट. “नवीन ग्राहकांना हाच भाव,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “आम्ही तीस वर्षं तुमच्याकडेच होतो,” क्वेता म्हणाली. मुलीनं मान वर केली नाही. “मधे सोडून गेलात ना? मग नवीन.”

मंगळवारी ती निघाली. जुनाच रस्ता, पहिल्या घरापासून. प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं. “त्याच्या आईची सही कधी नव्हतीच. मी पाहिली नव्हती, पाहिली असं सांगितलं. हा कागद वाचून घ्या, पटला तर करा.” फुली कुठेच मारली नव्हती.

“या वेळी काय देतायत, तवा?” झ्देनानं विचारलं.

“काही नाही.”

“अरेरे, भाव पडला तुझा.” पण कागद घेतला. कुणी कागद घेतला आणि दार लावलं, कुणी उगीच ‘जाऊ दे गं’ म्हणालं, ते जास्त लागलं.

शेवटचं दार बोहुंकाचं. ती घरातच कोट आणि लोकरी टोपी घालून होती. भट्टी बंद, आतून तळघरासारखा गारवा आला. सपातांच्या फळीवर चौकड्यांची जोडी होती तिथेच होती. क्वेता वाकली आणि तिनं नाडीला हात घातला.

“राहू देत,” बोहुंका म्हणाली. “बूट पायातच राहू देत.”

क्वेताचा हात नाडीवर थांबला. मग ती हळूच सरळ झाली.

तिनं सांगायचं ते सांगितलं. ल्होता, हेड्विका, मोजा, सगळं. बोहुंकानं ऐकून घेतलं. कागद घेतला, कोटाच्या खिशातून चष्मा काढला, टोपीच्या खाली नीट बसवला आणि उभ्या उभ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चार पानं होती. बोट ओळीओळीनं सरकत होतं. पायपुसण्यावर क्वेताच्या बुटांचं पाणी जमा होत होतं.

“इथं लिहिलंय,” दुसऱ्या पानावर बोहुंका थांबली, “की परिस्थिती बदलली तर ते करार मोडू शकतात.”

“हो.”

“त्या पिवळ्या कागदातही होतं का हे?”

“माहीत नाही. मीही वाचला नव्हता तो.”

बोहुंकानं चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. मग तिनं बोट पुन्हा त्या ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि ती पहिल्यापासून वाचायला लागली. क्वेता पायपुसण्यावरच उभी राहिली, मीटर बघायला आलेल्या माणसासारखी.