हळदीतला ताशा

निनादच्या काकांनी माझ्या हातातली जेवणाची ताटली काढून घेतली आणि ताशाच्या काड्या दिल्या.

"ताशेवाला आला नाय. तू वाजव. जेवण काय पलून जातंय?"

विचुंब्याच्या लॉनवर हळद होती, निनादच्या बहिणीची. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. बायकोला घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. निनाद आमच्या पंक बँडचा गायक, मी ड्रमर. वय शेहेचाळीस. दिवसा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकुनी, संध्याकाळी क्रांती. शो संपला की बाकीचे बिअर शोधतात, मी कमरेचा पट्टा. बायको म्हणते, "तुमच्या क्रांतीला आधी बाम चोळा."

हसण्यावारी नेतो मी. पण ड्रममागच्या त्या स्टुलासाठी निम्मं आयुष्य घातलंय. माझा बाप ताशा वाजवायचा. पनवेलच्या आसपास एकही मांडव त्याने सोडला नसेल, आणि एकाही मांडवात तो शिरला नसेल. आमच्या लोकांनी गेटपर्यंतच वाजवायचं. सगळ्यांची जेवणं उरकली की मागे, भांडी घासतात तिथे खायचं. म्हणून मी ताशा सोडून ड्रम धरला. स्टेजवर वाजवायचं होतं. आत. आमच्या एका गाण्यात निनाद तर माईकवर ओरडतो, जातीचे सगळे मांडव पेटवून द्या. त्या ओळीला माझे ठोके सगळ्यात जोरात पडतात.

निनाद धावत आला. कुर्ताभर हळद. वाटलं, काकांना झापेल.

"दादा, दोनच गाणी. घरचाच आहेस ना तू?"

घरचा. आणि उभा कुठे केला? गेटवर, जनरेटरशेजारी.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण बायको तिकडे बायकांत बसलेली. तमाशा नको. बँड फुटेल. या वयात मला दुसरा बँड कोण देणार? शिवाय काड्या हातात आल्या की हात माझं ऐकत नाहीत, बापाचं ऐकतात. वाजवत राहिलो. गाण्यामागून गाणं. जरा हळू झालो की कुणीतरी ओरडायचं, "ए ताशा, चालू ठेव!"

ताशा. नाव नाही, माणूस नाही.

मग काकांनी नवरीवरून नोट ओवाळली. नाचत गेटवर आले आणि ती माझ्या ओठांपुढे धरली. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात ना, म्हणून त्याने नोट दातांत पकडायची, ठोका न चुकवता. तशी रीतच आहे. बाप हसत पकडायचा.

"घे ना. तोंड उघड."

सगळ्यांचे मोबाईल वर. निनादचाही.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नाही घेणार."

हात थांबवले. हळद थांबली. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले.

"माजलास काय रे?" काका.

"दादा, मजा आहे रे. मनावर नको घेऊस," निनाद म्हणाला. मोबाईल अजून वरच.

काड्या काकांच्या हातात ठेवल्या आणि सरळ मांडवात गेलो. ताटली घेतली. वाढपी थबकला, गेटकडे बघायला लागला. तेवढ्यात बायको येऊन शेजारी उभी राहिली.

"तिकडे काय बघतोस, भाऊ? ह्यांना भूक लागलीय. वाढ."

त्याने वाढलं. मधोमध खुर्च्या ओढून आम्ही जेवलो. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. ताटली पुसून संपवली.

बँड सोडावा, असं मनात आलं होतं. रोडपालीला घरी पोचेपर्यंत तो विचार गेला. मी सोडला तर सुटका निनादची होणार.

सकाळी त्याचा मेसेज आला, "दादा, शनिवारच्या शोला येतोयस ना?"

मी लिहिलं: येतोय. मांडव पेटवायच्या त्या गाण्याआधी तू माईकवर सांगायचं, तुझ्या घरच्या हळदीत काय झालं आणि तू तेव्हा काय करत होतास. सांगितलंस तर वाजवीन. नाही सांगितलंस तर सगळ्यांसमोर ड्रममागे हाताची घडी घालून बसून राहीन. उठणार नाही.